गल्लीतलं गटार सभेच्या विषयपत्रिकेवर कसं आणायचं

आधी गाव कोणत्या कायद्याखाली येतं ते बघा. कागल, मुरगूड, गडहिंग्लज, कुरुंदवाड, पन्हाळा इथे 1965 चा नगरपरिषद कायदा लागतो. कोल्हापूर महापालिका आहे, 2022 पासून इचलकरंजीही; तिथला कायदा वेगळा, पुढचं सगळं नगरपरिषदांसाठी.

नगरसेवक गटार बांधत नाही, ठराव करतो. नगराध्यक्ष लोकांनी थेट निवडलेले असले तरी अंमलबजावणी शासनाने नेमलेल्या मुख्याधिकाऱ्यांकडे असते. म्हणून अर्ज त्यांच्या नावे करा, प्रत प्रभागातल्या नगरसेवकांना द्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

'गटार करून मिळावे' एवढ्यावर काही हलत नाही. कुणाच्या घरापासून कुठल्या चौकापर्यंत, किती मीटर, पाणी कुठे तुंबतं, पुढे कुठल्या मोठ्या गटाराला जोडायचं, हे लिहा. जोडणीचाच मुद्दा बहुतेकजण विसरतात. पुढे निचरा नसेल तर नवं गटार म्हणजे सिमेंटचं लांबलचक डबकं. खासगी लेआउटमधला रस्ता पालिकेकडे वर्ग झाला आहे का, तेही आधीच विचारा. नसेल तर फाईल तिथेच अडते.

मग अभियंता मोजमाप घेऊन खर्चाचं अंदाजपत्रक करतो, त्याला तांत्रिक मान्यता लागते. पैशाची तरतूद मात्र पालिकेच्या वार्षिक अंदाजपत्रकात हवी. ते फेब्रुवारीअखेरपर्यंत सभेपुढे जातं, त्यामुळे अर्ज दिवाळी झाली की द्या. मार्चमध्ये गेलात तर पुढच्या वर्षाची आश्वासनं मिळतात!

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हावी लागते. तिची नोटीस पूर्ण 7 दिवस आधी, विशेष सभेची 3 दिवस आधी. नोटीस निघण्यापूर्वीच विषय विषयपत्रिकेत आला पाहिजे. ऐनवेळी घुसवलेल्या विषयावर पुढे हरकत आली की काम लटकतं. सभाच लागत नसेल तर एकचतुर्थांश सदस्य लेखी मागणी करून विशेष सभा मागू शकतात.

ठरावाची नक्कल घ्या. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात अर्ज करा; शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. नकलेत 'तरतूद उपलब्धतेनुसार' असे शब्द दिसले तर काम मंजूर झालं, पैसे नाहीत, असं समजा. आणि मंजूर ठरावही नगरपरिषद कायद्याच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी स्थगित करू शकतात.

कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) निघाला की खर्चाच्या अंदाजपत्रकाची प्रत हातात ठेवून रुंदी, खोली आणि तळाचा उतार फरशा बसण्याआधी टेपने मोजा.