वॉर्म स्पायसी परफ्युम लावताय? या चुका टाळा

"दोन तासात उडतो यार, पैसे वाया गेले." वॉर्म स्पायसी, म्हणजे दालचिनी, लवंग, व्हॅनिलावाल्या परफ्युमबद्दल हे रडगाणं ऐकून कान किटलेत. बहुतेक वेळा परफ्युम जागेवरच असतो, थकलेलं असतं ते तुमचं नाक. एकच वास सतत येत राहिला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. त्यात या प्रकारात व्हॅनिला, टोंका (एक सुगंधी बी), अंबर (राळेसारखा गोडसर, उबदार वास) असा जड गोड माल तळाला असतो, तो तासन् तास अंगावरून दरवळत राहतो, तुम्हाला येईनासा झाला तरी शेजारच्याला येतच असतो. आणि मग माणूस काय करतो, तर अजून मारतो.

माझा एक मित्र आहे, नाव नको. गाडीने लांब निघालो होतो, काचा बंद, एसी चालू. साहेब घरूनच मान, छाती, शर्ट, जॅकेट सगळीकडे मारून आलेले. पहिल्या हॉल्टला आम्ही पाय मोकळे करत होतो तेवढ्यात याने परत फवारणी केली, का तर "मला काही येतच नाहीये". पुढे मागच्या सीटवरचा एक जण रुमाल नाकाला लावून बसला, आणि शेवटी भर हायवेवर काचा खाली कराव्या लागल्या, ट्रकचा धूर बरा वाटत होता अक्षरशः. सगळ्यात वाईट म्हणजे तो सीटबेल्ट. मानेवरून, छातीवरून जातो ना, त्याने सगळं शोषून घेतलं, मग त्या सीटवर जो बसेल त्याच्या शर्टाला तो वास लागायचा, कितीतरी दिवस. आणि साहेबांचं मत अजूनही हेच की तो परफ्युम टिकत नाही.

मी दोनच स्प्रे मारतो. एक छातीवर शर्टाच्या आत, अंगाच्या उबेने तो हळूहळू वर येत राहतो, आणि एक मानेच्या मागे, म्हणजे थेट स्वतःच्या नाकाखाली नाही. उकाड्यात एकच. टिकला की नाही हे बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाला विचारायचं, स्वतःच्या नाकाला नाही. दुपारनंतर वाटलंच तर अजून एक, पण आधी दहा मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन या आणि मग शर्ट हुंगून बघा, बऱ्याचदा तो आहे तिथेच सापडतो.

दुसरी चूक, जिच्यावर मी कायम चिडतो, ती म्हणजे दुकानात कागदाच्या पट्टीवर मारून, हुंगून पाच मिनिटांत निकाल लावणं. सुरुवातीला जे येतं ते अल्कोहोल आणि हलके रेणू, लिंबूवर्गीय, मिरी वगैरे, ते आधी उडतात. व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचा रेणू), कुमारिन (टोंकाच्या वासाचा) अशी जड मंडळी मागे राहतात आणि दिवसभर तुमच्या अंगाला येणार असतो तो यांचाच वास. व्हिक्टर अँड रॉल्फ या ब्रँडचा २०१२ चा स्पाइसबॉम्ब घ्या, सुरुवात पिंक पेपर (गुलाबी मिरी) आणि बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाची, मग दालचिनी पुढे येते, शेवटी तंबाखू आणि लेदर. पट्टीवर पाच मिनिटांत यातलं कितीसं कळणार? पहिला भपकारा आवडला म्हणून शंभर एमएलची बाटली उचलणारे आणि तोच नाही आवडला म्हणून नाक मुरडणारे, दोघंही सारखेच घायकुते. हातावर एक स्प्रे मारा, निघून जा, रात्री झोपताना परत हुंगा, मग काय ते ठरवा. आणि एका हातावर एकच, पाच टेस्टर एकदम मारून कुणाला काय कळलंय आजवर.

नावापुढे 'एक्स्ट्रीम' लागलं म्हणजे तोच परफ्युम, फक्त जास्त स्ट्राँग, असं समजून न हुंगता मागवू नका. २०१५ चा स्पाइसबॉम्ब एक्स्ट्रीम तंबाखू-व्हॅनिलाकडे झुकलेला, जास्त गोड आहे, पहिला आवडला म्हणजे हाही आवडेलच असं नाही.

मनगटं एकमेकांवर घासू नका. रेणू तुटतात बिटतात ही अफवा आहे, पण घासून काही फायदाही नाही, सुरुवातीचा वास लवकर उडतो एवढंच.

त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. पांढऱ्या शर्टावर लांबून मारायलाही मी धजत नाही, व्हॅनिलिन असलेला परफ्युम काळाबरोबर तपकिरी होतो आणि त्याचा डाग पडू शकतो. रंग गडद झाला म्हणजे परफ्युम खराब झाला असं मात्र नाही, घाबरून फेकू नका. बाटली बाथरूममध्ये नको, खिडकीत तर नकोच, खोक्यात घालून कपाटात ठेवा.

आणि दाढी केल्या केल्या गालावर, गळ्यावर मारायची हौस सोडा. दालचिनीतला सिनॅमल्डिहाइड आणि लवंगेतला युजेनॉल, दोन्हींची काहींना ॲलर्जी असते, म्हणून तर खोक्यावर त्यांची नावं छापलेली असतात, वाचत कुणी नाही ती गोष्ट वेगळी. नुसतं चुरचुरून थांबलं तर ठीक, पण लाली आणि खाज दुसऱ्या दिवशीही राहिली तर तो परफ्युम अंगाला लावणं बंद करा, कितीही महागाचा असला तरी.