‘आम्ही बिंबराजाबरोबर आलो’: मुंबईच्या जुन्या घराण्याची वंशावळ कशी लावावी

पाठारे प्रभू, सोमवंशी क्षत्रिय पाठारे (पाचकळशी), पळशे ब्राह्मण. मुंबई बेटावर आणि उत्तर कोकणात वसलेल्या या समाजांच्या जुन्या घरांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे: ‘आमचे पूर्वज बिंबराजाबरोबर आले.’ बिंबराजा म्हणजे काही शतकांपूर्वी आपल्या माणसांसह उत्तर कोकणात आला असं परंपरा सांगते तो राजा. वंशावळ काढायला बसलं की साहजिकच पेन आधी बिंबराजाच्या नावावर टेकतं, आणि काम बिघडतं ते तिथंच. वंशावळ आपल्यापासून सुरू करून मागे न्यायची असते. राजाकडून खाली उतरत आलात, तर मधल्या पाच-सहा शतकांत मिळेल ते नाव कोंबलं जातं आणि ते पुन्हा कोणालाही उपसता येत नाही.

एक जाड वही घ्या आणि प्रत्येक पानावर तीन रकाने पाडा: कागदात सापडलेलं, घरात सांगितलेलं, छापील ग्रंथात वाचलेलं. प्रत्येक माणसाला एक पान द्या. नाव कोणत्या रकान्यातून आलं हे त्याच दिवशी लिहून ठेवा, कारण महिनाभराने आजीचं बोलणं आणि दाखल्यावरची नोंद यांची सरमिसळ होतेच.

घरातल्या वस्तूंत सगळ्यात दुर्लक्षित ऐवज म्हणजे श्राद्धाची यादी. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह आणि माता, पितामही, प्रपितामही यांची नावं गोत्रासह उच्चारावी लागतात. महालयाची यादी त्याहून लांब असते. तीत काका, आत्या, मामा, सासरे, निपुत्रिक वारलेले भाऊ हे सगळे येतात. घरच्या भटजींकडे किंवा देव्हाऱ्याच्या खणात ती वही असते. सरकारी कागदांत ज्या बायकांचं नावच नाही, त्या इथे नावानिशी सापडतात. तिच्या जोडीला मुंजीच्या आणि लग्नाच्या पत्रिका, जात वैधतेसाठी जमवलेली फाइल, फोटोंच्या पाठीवरची अक्षरं पाहा. मूळ गाव, गोत्र, कुलदेवी आणि मान कोणत्या देवळात आहे, या चार गोष्टी प्रत्येक ज्येष्ठाला वेगवेगळं बसवून विचारा. एकत्र बसवलं की मोठ्यानं बोलणाऱ्याचंच उत्तर सगळ्यांचं होतं.

मग कागद. जन्म-मृत्यूची नोंद महापालिकेच्या ज्या वॉर्डात घटना घडली तिथल्या आरोग्य खात्याकडे असते, कुटुंब राहत होतं त्या वॉर्डात असेलच असं नाही. माहेरी बाळंतपण झालं असेल तर नोंद माहेरच्या वॉर्डात शोधा. शाळेत दाखल्यापेक्षा जनरल रजिस्टरचा उतारा मागा. त्यात जन्मस्थळ आणि आधीची शाळा मिळते. गाव वसई-पालघर पट्ट्यातलं असेल तर तहसील कार्यालयातून गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकाची नक्कल काढा. उतारा घेताना मागचं आणि पुढचं पानही पाहा, कारण भाऊबंदांच्या नोंदी जवळपासच असतात.

जमिनीचे कागद सर्वांत बोलके. उपनगरात सातबारा, फेरफार आणि मिळकत पत्रिका मिळतात. मुंबई उपनगर, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतले बरेच जुने अभिलेख स्कॅन करून महसूल खात्याच्या संकेतस्थळावर ठेवले आहेत. बेटावरच्या घरासाठी आधी सी. एस. नंबर (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे भूमापन क्रमांक) आणि डिव्हिजन (माहीम, गिरगाव, भुलेश्वर वगैरे) शोधून काढा, त्याशिवाय प्रॉपर्टी कार्डाकडे जाताच येत नाही. शहराचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टात जुन्या कस्टम हाउसमध्ये आहे. वारसाचा फेरफार मिळाला तर तो अक्षर न अक्षर उतरवून घ्या. त्यात सगळ्या वारसांची नावं आणि मयताशी नातं असतं, हक्कसोड केलेल्या मुलींसकट. बेटावरच्या मिळकतीचं जुनं मृत्युपत्र असेल तर त्याला उच्च न्यायालयातून प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याची मान्यता) घेतलेलं असण्याची शक्यता मोठी, आणि त्या कागदांत एका फटक्यात दोन-तीन पिढ्या मिळतात.

इथवर साधारण चार-पाच पिढ्या होतात. त्यापुढे नाशिक. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांनी आपापल्या यजमानांच्या वह्या जपल्या आहेत, आणि कोणतं घराणं कोणाकडे हे जात, मूळ गाव आणि आडनाव यांवरून ठरतं. तिथे पोचल्यावर ‘आम्ही मुंबईचे’ एवढं सांगून भागत नाही. पणजोबांचं पूर्ण नाव, गाव आणि जुनं आडनाव लिहून न्या. पितृपंधरवड्यात आणि सिंहस्थात जाऊ नका, गुरुजींना तेव्हा श्वास घ्यायला सवड नसते. आधी फोन करून वेळ ठरवा, दक्षिणा द्या, फोटो काढण्यापूर्वी विचारा. आलेल्या माणसानं भाऊ, मुलगे, पुतणे यांची नावं सांगून खाली स्वतःच्या हातानं सही केलेली असते. तुमच्या खापरपणजोबांची मोडीतली सही तिथे भेटू शकते, आणि त्याच्या तोडीचा पुरावा घरात दुसरा नसतो. त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथंही हीच रीत आहे.

मोडी शिकून घ्या, निदान नावं आणि आकडे वाचण्याइतकी. शिरोरेघ आधी आखून शब्द न तोडता लिहिलेलं असतं, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, म्हणून एकच नाव दोन माणसं वाटतं किंवा दोन माणसं एक. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत असल्यामुळे ‘विठोबा बिन गणोबा’ आणि ‘गणोबा बिन विठोबा’ आलटून पालटून येत राहतात. दोन विठोबांचा एक करून टाकला की वंशावळीतल्या दोन पिढ्या गळतात. ही सर्वांत नेहमीची चूक. ती वर्षानं धरता येते, म्हणून साल लिहिल्याशिवाय नाव उतरवू नका.

सालं मात्र निरनिराळ्या गणनांत येतात. शकात 78 मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेरच्या तारखेला 79. शुहूर सनात (जुन्या मराठी कागदांतली अरबी वळणाची गणना) 599, जानेवारीपासून मृग लागेपर्यंत 600. दख्खनी फसलीत (महसुली सनात) 590 किंवा 591. शकाबरोबर संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं, नाव असेल तर ताळा घ्या: शकात 12 मिळवून 60 ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, शून्य उरलं तर साठावा, क्षय. शके 1596 मध्ये 12 मिळवले की 1608, बाकी 48, अठ्ठेचाळिसावा आनंद. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा संवत्सर तोच. ताळा चुकला तर नक्कल करणाऱ्याचा हात चुकला आहे किंवा कागद मागाहून रचलेला आहे. दोन्ही शक्यता वहीत लिहा.

आडनावावर फार भार टाकू नका. राऊत, पाटील, म्हात्रे, चौधरी, देसाई या मुळात पदव्या आणि हुद्दे, त्यामुळे एका आडनावाची माणसं एका रक्ताची असतीलच असं नाही. गावाचंही तसंच. कागदातलं ‘माहीम’ बेटावरचंच असेल असं धरू नका. पालघरजवळचं केळवे-माहीम आहेच, शिवाय आजचा पालघर तालुका इंग्रजी अमदानीत माहीम तालुकाच म्हणवत असे. शेजारच्या गावांची नावं पाहिली की उलगडा होतो.

आता बिंबराजा. मुख्य आधार महिकावतीची बखर, जी वि. का. राजवाड्यांनी 1924 मध्ये छापली. ती एका हाताची नाही. तिची प्रकरणं वेगवेगळ्या काळांतली आहेत आणि केशवाचार्यांचा भाग शके 1370, म्हणजे 1448 चा. तिच्यात प्रतापबिंब शके 1060 मध्ये आला आणि त्याच्याबरोबर 66 कुळं आली असं येतं: 27 सोमवंशी, 12 सूर्यवंशी, 9 शेषवंशी, आणि बाकीची. दुसरी परंपरा बिंबदेवाला देवगिरीच्या रामदेवरायाचा मुलगा मानते आणि 1294 च्या अल्लाउद्दीनाच्या स्वारीनंतर कोकणात आणते. दोन्हींत दीडशे वर्षांचं अंतर. शिवाय शके 1060 च्या सुमारास उत्तर कोकणावर शिलाहार अपरादित्य राज्य करत होता, त्याचे कोरीव लेख आहेत. तुमच्या घरची कथा यांपैकी कोणत्या बिंबाची, हे आधी ठरवा. बहुतेक घरांत दोन्ही एकत्र झालेले असतात.

सह्याद्रिखंड या पुराणग्रंथातली अश्वपती राजाची कथा याहून निराळी. ती कुळाचा दर्जा सांगते, पिढ्या सांगत नाही, म्हणून तिला तिसऱ्या रकान्यातच ठेवा.

एक साधा हिशेब करा. एका पिढीला 25 ते 30 वर्षं धरली तर 1138 पासून आजवर 30 ते 35 पिढ्या होतात, 1294 पासून 24 ते 29. घरच्या वंशावळीत तुमच्यापासून बिंबाच्या सरदारापर्यंत बारा नावं असतील, तर निदान निम्म्या पिढ्या गहाळ आहेत. अशी वंशावळ टाकून देऊ नका. वरची तीन-चार नावं आणि खालची पाच-सहा नावं यांमधला सांधा शोधा. तो बहुधा जिथे सालं थांबतात तिथेच असतो. कथेतलं गोत्र आणि कुलदेवी कागदांशी जुळते का, तेही पाहा. जुळली तर कथा जुनी आहे एवढं कळतं, राजवंश सिद्ध होत नाही.

मोठा तक्ता काढताना कागदानं सिद्ध झालेलं नातं अखंड रेघेनं दाखवा, सांगोवांगीचं तुटक रेघेनं. बिंबराजा आणि पहिलं कागदी नाव यांच्यात रेघच काढू नका, कोरी जागा सोडून ‘अंदाजे इतक्या पिढ्या’ असं लिहा. प्रत्येक नावाखाली वहीतल्या पानाचा आकडा द्या. दत्तक मुलाची दोन्ही घरं दाखवा. मुली आणि सुना त्यांच्या माहेरच्या नावांसह लिहा. मग एक प्रत नाशिकला न्या आणि गुरुजींच्या वहीत तुमच्या पिढीची नोंद करा, मुलींच्या नावांसकट. खाली सही स्वतःच्या हातानं.