चेस्की क्रुमलोव्हचा किल्ला भिंतींवरून कसा वाचावा

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण बोहेमियातल्या या गावाला व्ल्तावा नदी जवळजवळ गोल वेढा घालते. किल्ला त्या वेढ्याबाहेरच्या कड्यावर आहे. (मोराव्स्की क्रुमलोव्ह हे मोरावियातलं वेगळंच गाव, तिकीट काढताना नाव नीट बघा.) सनावळी पाठ करण्यापेक्षा आधी किल्ल्याच्या मालक घराण्यांची तीन चिन्हं ओळखायला शिका.

पांढऱ्यावर लाल, पाच पाकळ्यांचा गुलाब म्हणजे रोझ्मबेर्क, १३०२ ते १६०२. त्यांच्या आधीचे क्रुमलोव्हचे सरदार त्यांचेच भाऊबंद, पण त्यांचा गुलाब हिरवा. म्हणून नुसत्या आकारावर जाऊ नका. दगडी कोरीवकामात रंग उडालेला असेल तर निष्कर्ष काढूच नका. चोचीत मुकुट धरलेले तीन काळे पक्षी हे एगेनबेर्गांचे, १६२२ ते १७१९. तुर्काच्या मुंडक्याचा डोळा टोचणारा कावळा दिसला की श्वार्झेनबेर्ग. रोझ्मबेर्क आणि एगेनबेर्ग यांच्या मधली वीस वर्षं किल्ला सम्राटाकडे होता, कारण कर्जात बुडालेल्या पेत्र वोक या शेवटच्या रोझ्मबेर्कने तो विकला.

लात्रान वस्तीतून लाल दरवाजाने वर चढा. खंदकातली अस्वलं उगाच नाहीत: रोझ्मबेर्क आपलं नातं इटलीतल्या ओर्सिनी घराण्याशी सांगत, आणि त्या नावात अस्वल आहे. दुसऱ्या चौकातला 'ह्राडेक' हा सर्वांत जुना भाग. त्याच्या बुरुजाच्या १६२ पायऱ्या आधीच चढून घ्या. नदीचं वळण वरून पाहिलं की जागेची निवड कळते.

फसगत होते ती रंगवलेल्या दगडांपाशी. बुरुजावर १५९० मध्ये चित्रकाम झालं, आणि तिसऱ्या-चौथ्या चौकातले कोनाडे, पुतळे, चिरे बव्हंशी निव्वळ रंग आहेत. भिंतीला खेटून तिरकं पाहा: खऱ्या चिऱ्याला कड असते, रंगवलेल्याची सावली सूर्य सरकला तरी जागची हलत नाही.

वेळ कमी असेल तर दालनं सोडा, पण पूल ओलांडून पाचव्या चौकातलं नाट्यगृह पाहा. त्यासाठी वेगळी फेरी असते आणि हिवाळ्यात ती बंद असते. १६८०-८२ मध्ये बांधलेलं हे नाट्यगृह १७६५-६६ मध्ये बदललं. पडदे, पोशाख आणि रंगमंचाखालची लाकडी यंत्रणा तेव्हापासूनची आहे. टिकलं कसं? १९व्या शतकात श्वार्झेनबेर्गांनी मुख्य बिऱ्हाड आपल्या ह्लुबोकाच्या किल्ल्यात हलवलं, आणि इथे नवं काही करायची कुणाला गरजच उरली नाही.