'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं': मुलींना ऑनलाइन गणित-विज्ञान शिकवणाऱ्या नव्या ताईंसाठी

पुण्यात हिंजवडीत कोड लिहिणारी किंवा पाषाणच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई आठवी-नववीच्या मुलींसमोर पहिल्यांदा ऑनलाइन बसते, तेव्हा ती अडखळते शब्दांपाशी. तिचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालेलं असतं आणि समोरची मुलगी बालभारतीचं मराठी पुस्तक घेऊन बसलेली असते. तुमचा 'व्हेरिएबल' म्हणजे तिचा चल, 'कोइफिशिअंट' म्हणजे सहगुणक, 'अ‍ॅक्सिलरेशन' म्हणजे त्वरण, 'मोमेंटम' म्हणजे संवेग. चाल आणि वेग यांत तर मोठ्यांचाही गोंधळ होतो. बोलताना आपण सर्रास 'गाडीचा वेग' म्हणतो, पण पुस्तकात दिशा सांगितली असेल तरच वेग, नाहीतर ती चाल. सेमी इंग्रजीच्या मुलींचं उलट असतं. त्यांना 'डिनॉमिनेटर' कळतो, 'छेद' म्हटलं की गप्प होतात. म्हणून पहिल्या तासाआधी त्या इयत्तेचं पुस्तक ई-बालभारतीवरून उतरवून घ्या (पीडीएफ मोफत मिळते) आणि पाठामागचे स्वाध्याय स्वतः सोडवा. रात्री तासभर पुरतो.

दहावीचा वर्ग नवख्या ताईने घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे पालकांना सरावपत्रिका सोडवून हव्या असतात, आणि त्यात काही चुकीचं नाही. त्यापेक्षा आठवी बरी. कच्चे राहिलेले अपूर्णांक आणि ऋण संख्या अजून दुरुस्त करता येतात. शिवाय याच वर्षी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलींना ती देता येते, पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. 90 प्रश्न बौद्धिक क्षमतेचे, 90 शालेय विषयांचे; त्या दुसऱ्या 90 मध्ये विज्ञानाचे 35 आणि गणिताचे 20.

वेळ ठरवताना तुमचं कॅलेंडर बाजूला ठेवा. येरवड्याच्या किंवा जनता वसाहतीच्या घरात फोन बहुधा एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. संध्याकाळी सातला पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडं. रविवारी सकाळी दहा ही वेळ बहुतेकींना जमते. राजगड किंवा मुळशी तालुक्यातल्या मुली असतील तर रेंज नसणारच असं धरूनच चाला: व्हिडिओ बंद, फक्त आवाज, आणि वहीचा फोटो गटावर. दिवसाचा दीड जीबी डेटा घरात सगळ्यांत वाटला जातो, हेही लक्षात असू द्या. झूमचा मोफत तास 40 मिनिटांत तुटतो, गूगल मीटला गटासाठी 60 मिनिटं मिळतात. म्हणून मीट वापरा आणि तास 45 मिनिटांचाच ठेवा. गणपतीचे दहा दिवस सुट्टी आधीच जाहीर करा. ढोल-ताशाच्या गजरात कोणी पायथागोरस ऐकत नाही.

एका गटात चार-पाच मुली. दहा झाल्या की दोघी बोलतात आणि आठजणी ऐकल्यासारखं करतात.

तुमचा फोन वहीच्या वर आडवा टेकवा. दोन स्टीलचे डबे, त्यांवर पट्टी, पट्टीवर फोन, कॅमेरा खाली. काळ्या स्केचपेनने ठळक लिहा, बॉलपेनचं लिहिलेलं छोट्या पडद्यावर दिसत नाही. स्लाइड दाखवू नका. स्लाइडवर गणित एकदम सुटलेलं दिसतं, ते सुटताना दिसायला हवं.

पहिल्या तासाला तीन गणितं द्या: 1/2 + 1/3, मग –3 – 5, मग 3क्ष = 12. उत्तर नको, वहीचा फोटो मागा आणि 'कसं केलंस ते सांग' म्हणा. 2/5 असं उत्तर आलं तर अंशात अंश, छेदात छेद मिळवलेत. लगेच लसावि काढायला लावू नका. विचारा, 'निम्मी भाकरी होती, वर आणखी तुकडा आला, मग निम्म्यापेक्षा कमी कशी झाली?' 2/5 हे निम्म्याहून लहान आहे, हे तिचं तिला दिसू दे. –3 – 5 चं उत्तर +8 आलं तर 'मायनस मायनस प्लस' हा गुणाकाराचा नियम बेरजेत घुसलाय. तीन रुपये उसने घेतले, आणखी पाच घेतले, एवढं विचारलं की पुरतं.

तिसरं गणित सगळ्यांत बोलकं. 3क्ष = 12 वरून क्ष = 12 – 3 = 9 लिहिणारी मुलगी मठ्ठ नसते, आज्ञाधारक असते. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हे तिने नीट पाठ केलंय, फक्त 3 आणि क्ष यांच्यामध्ये गुणाकार आहे हे लिहिलेलं नसल्यामुळे दिसत नाही. इथे तराजू काढा. एका पारड्यात सारख्या वजनाच्या तीन पुड्या, दुसऱ्यात 12 किलो. मग एक पुडी किती किलोची? दोन्ही बाजूंना तेच करायचं, ही सवय लागेपर्यंत 'पलीकडे नेणे' हा शब्दच वापरू नका. शाळेत तो रोज कानावर पडेल. पडू दे, त्यावरून शाळेच्या बाईंना नावं ठेवू नका. शेवटी 9 हे उत्तर मूळ समीकरणात घालून बघायला सांगा: तीन नवे सत्तावीस. चूक तिची तिने पकडली की पुढच्या वेळी पडताळा आपणहून होतो.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. आवाज उशिरा पोचतो, म्यूट काढायला वेळ लागतो, आणि एका खोलीच्या घरात काकासमोर चुकीचं उत्तर मोठ्याने सांगणं सोपं नसतं. नव्या ताई तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतात. चॅटमध्ये लिहिलेलं उत्तरही उत्तरच धरा.

घातांकांसाठी उदाहरण शोधायला लांब जायला नको. पावसाळ्यात धरणांच्या बातम्यांत रोज 'टीएमसी' येतं. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. घनफुटात साधारण 28.3 लिटर, म्हणजे टीएमसीला 2.83 × 10¹⁰ लिटर, सुमारे 2,830 कोटी. वर्तुळाचं क्षेत्रफळ आलं की नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण घ्या: 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या.

विज्ञानात निदान एक प्रयोग मुलींच्या हातून व्हावा. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून लाल एलईडी आणि 100 ओहमचे रेझिस्टर घ्या, दोन पेन्सिल सेलसह पाकिटात घालून शाळेत पोचवा. एका सेलवर दिवा लागत नाही, कारण लाल एलईडीला सुमारे 2 व्होल्ट लागतात आणि सेल दीडचा. दोन सेल लावले की 3 व्होल्ट. उरलेला एक व्होल्ट रेझिस्टरवर पडतो, म्हणजे विद्युतधारा 10 मिलिअँपिअर. ओहमचा नियम तिथेच शिकवून होतो. तरीही लागला नाही तर पाय उलटे असतील. लांब पाय धन बाजूला. मोबाइलवर चालणारी, 'फेट' (PhET) या संकेतस्थळावरची मराठी सिम्युलेशन्स चांगली आहेत, पण ती या प्रयोगानंतर दाखवा.

नियम थोडे, पण सैल सोडू नका. पालकांची लेखी संमती आधी. प्रत्येक तासाला शाळेच्या एक शिक्षिका हजर. एखाद्या मुलीशी खासगी मेसेज नाही, पडद्याचा फोटो सोशल मीडियावर नाही. मारहाण, लग्नाची घाई, अंगाला हात लावणं असं काही मुलगी बोलली तर 'कुणाला सांगणार नाही' हे वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. 1098 हा चाइल्डलाइनचा, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीचा, क्रमांक पाठ असू द्या.

पुढे काय शिकायचं हा विषय तुम्ही काढण्याआधी मुलीच काढतात, आणि पहिला प्रश्न 'ताई, फी किती?' हाच असतो. त्यांना सांगा की 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण देतं. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच (कॅप) हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत नाही, आणि नेमकं हेच घरी कुणी सांगितलेलं नसतं. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावपळ ऐन प्रवेशाच्या दिवसांत होते, म्हणून तो वेळेत काढून ठेवायला आईला सांगा.