हृदयविकाराचा आपला धोका बाईनं कसा ओळखावा

घरातल्या पुरुषाच्या छातीत कळ आली की बेळगावला न्यायला गाडी लगेच ठरते. बाईला तसंच झालं तर आधी ओवा, मग सोडा, मग 'पित्त झालंय, पड जरा'. हृदयविकार हा पुरुषांचा आजार, ही समजूत खानापूर काय, निपाणी काय, आपल्याकडे सगळीकडे पक्की आहे. प्रत्यक्षात जगभरात बायकांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजारच आहेत. पुरुषांपेक्षा साधारण १० वर्षं उशिरा ते बाईला गाठतात, एवढंच. पाळी गेल्यावर ही सवलत संपत जाते आणि मधुमेह असलेल्या बाईला तर ती फारशी मिळतच नाही.

आधी आपली बाळंतपणं कागदावर लिहा

सुरुवात इथूनच करा, कारण हीच माहिती सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. कपाटातलं तायी कार्ड (गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) आणि जुनी डिस्चार्ज कार्डं शोधून काढा. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का? चेहऱ्यावर, हातापायांवर सूज येऊन झटके आले होते का? साखर निघाली होती का? दिवस भरायच्या आधीच बाळंतपण झालं का? बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली की हा विषय घरात कायमचा मिटतो. शरीरात तो मिटलेला नसतो. गरोदरपणात बीपी वाढून प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या बाईला पुढं हृदयविकार होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. तेव्हा साखर वाढलेली असेल तर पुढं कायमचा मधुमेह होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, आणि त्यामागून हृदयाचा त्रास येतो. पन्नाशीच्या बाईला बाळंतपणाबद्दल दवाखान्यात सहसा कुणी विचारत नाही. म्हणून न विचारता आपणच सांगायचं.

त्याच कागदावर पाळी कितव्या वर्षी गेली ते लिहा. ४५ च्या आत गेली असेल तर ते डॉक्टरांना कळायलाच हवं, ४० च्या आत असेल तर नक्कीच. आपल्या भागात पिशवी काढलेल्या बायका पुष्कळ. पिशवीबरोबर अंडाशयही काढले होते का, हे अनेकींना माहीत नसतं. डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेलं असतं. कमी वयात अंडाशय काढले असतील तर हृदयाचा धोका वाढतो.

मग माहेरच्या माणसांची नोंद करा. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर लिहा. पीसीओडी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा त्रास) किंवा आमवात असेल तर तेही.

मिश्री आणि चुलीचा धूर लपवू नका

मिश्री लावणारी बाई दवाखान्यात 'तंबाखू नाही' असं सांगते, कारण तिला ते व्यसन वाटतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि त्यातलं निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जातं. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीत काम केलेल्या किंवा विड्या वळणाऱ्या बायकांनी कामाबद्दलही सांगावं. लाकडाच्या चुलीपुढं वर्षानुवर्षं बसणं हाही हृदयाला धोकाच आहे.

आता मोजमाप

कमर घरीच मोजता येते. निऱ्या आणि परकराची नाडी सैल करा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून आकडा बघा. आपल्याकडच्या बाईसाठी ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा धरतात.

बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची बीपी आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. गावातल्या आशाताईंकडे वय, तंबाखू, कमर, घरातले आजार विचारणारा एक फॉर्म असतो. तो भरायला आल्या की 'नंतर या' म्हणू नका. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, लगेच आधी चहा नको. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त भरलं तर ते वाढलेलं आहे. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाची वेस, १२६ पासून पुढं मधुमेह. खात्रीसाठी तपासणी पुन्हा करतात.

आणि एक लक्षात ठेवा: ईसीजी नॉर्मल आला म्हणजे पुढं धोका नाही असं नव्हे. ईसीजी फक्त त्या वेळचं सांगतो. म्हणून रिपोर्टांबरोबर बाळंतपणं आणि घरातले आजार लिहिलेला तो कागदही डॉक्टरांपुढं ठेवा आणि सरळ विचारा, 'हे सगळं धरून माझा धोका किती?' बीपीची गोळी सुरू झाली तर आकडा उतरला म्हणून मनानं बंद करू नका. मिठाचं दिवसाचं प्रमाण एक चहाचा चमचा, त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं आलं.

त्रास सुरू झाला तर

छातीत दाब किंवा कळ हे बायकांतही मुख्य लक्षण आहे. पण त्याबरोबर, किंवा कधी त्याशिवायही, जबडा, मान, पाठ किंवा हात दुखणं, धाप लागणं, मळमळ, गार घाम, कधी नव्हे असा थकवा येतो. काही मिनिटांत हे थांबलं नाही तर १०८ ला फोन करा. मुलगा पुण्याहून किंवा मालक गोव्याहून येईपर्यंत थांबायचं नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर, तितकं हृदय वाचतं. कर्नाटक सरकारच्या पुनीत राजकुमार हृदयज्योती योजनेत ईसीजी आणि हे इंजेक्शन काही सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतं. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात ती सोय आहे का, हे धडधाकट असतानाच विचारून ठेवा. जांबोटी-कणकुंबीकडच्या आडगावांत रात्री कुणाची गाडी मिळू शकते तेही आधी ठरवा, आणि त्या गाडीवाल्याचा नंबर घरातल्या शाळकरी पोरालाही दाखवून ठेवा.