उड्या न मारता घरच्या घरी दम काढणारा व्यायाम

आमची बिल्डिंग जुनी, स्लॅब पातळ. मी वर उड्या मारल्या की खालच्या काकूंच्या मांडणीवरची भांडी वाजतात आणि मग काकू जिना चढून वर येतात. त्यांचंही चुकत नाही. त्यामुळे बर्पी, जंपिंग जॅक, दोरीवरच्या उड्या हे सगळं माझ्या व्यायामातून बाद आहे. घाम मात्र तेवढाच निघतो. उड्यांनी धाप लवकर लागते, हे खरं. पण स्नायूंना कामाला लावायचं तर सावकाश खाली जायचं, भार एका पायावर घ्यायचा आणि विश्रांती घड्याळ लावून घ्यायची. यातल्या कशालाच आवाज होत नाही.

सामान असं: मुलाची जुनी सॅक, पाच-पाच किलो पिठाच्या दोन पिशव्या, जाड सुती चादर, न डगमगणारं स्टूल आणि मोबाइलचा टायमर. पिठाची सोय अशी की वजन पिशवीवर छापलेलंच असतं. प्रत्येक पिशवी आणखी एका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, नाहीतर सॅक झटकण्यातच व्यायाम होईल. उरलेल्या जागेत जुना टॉवेल कोंबा, म्हणजे आतलं वजन हिंदकळत नाही. पट्टे आवळून सॅक पाठीला चिकटवा; कमरेवर लोंबकळली की पाठ धरलीच.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, साधारण चाळीस मिनिटं. मी सकाळी साडेपाचला करते, कारण साडेसहाला डबे भरायचे असतात. सुरुवातीला पाच-सहा सूर्यनमस्कार, अगदी संथ. खांदे आणि घोटे फिरवून घ्या, की झालं.

आता मुख्य भाग. पहिला व्यायाम एका पायाची बैठक. दिवाणाकडे पाठ करून दोन पावलं पुढे उभं राहायचं आणि एका पायाचा चवडा मागे दिवाणावर टेकवायचा. मनात सावकाश तीन मोजत खाली जायचं, मागचा गुडघा जमिनीपासून वीतभर राहिला की क्षणभर थांबायचं आणि पुढच्या टाचेवर जोर देत वर यायचं. टाच उचलली जात असेल तर पाऊल आणखी पुढे घ्या. तोल जात असेल तर भिंतीला बोट लावा, त्यात कमीपणा नाही. आधी बिनवजनाचं करा. दोन्ही पायांनी बाराबारा नीट जमले की पाच किलोची सॅक चढवा. साध्या बैठका पन्नास सहज काढणारी माणसं इथे आठव्यालाच गप्प होतात.

त्याला जोडून जोर. जमिनीवर जमत नसतील तर स्वयंपाकाच्या ओट्यावर हात ठेवून सुरू करा, मग स्टुलावर, मग जमिनीवर. हात जितके खाली, तितका भार जास्त. स्टूल भिंतीला टेकवूनच ठेवा.

तिसरा ओढायचा व्यायाम. घरी नेमका हाच राहून जातो, कारण ढकलायला जमीन असते पण ओढायला काही नसतं. चादरीच्या मध्यावर मोठी गाठ मारा. बेडरूमचं दार आत उघडत असेल तर गाठ बेडरूममध्ये आणि दोन्ही टोकं दारावरून हॉलमध्ये राहतील असं करून दार लावा, कडी घाला. उभं राहायचं हॉलमध्ये. म्हणजे तुम्ही ओढाल तेव्हा दार चौकटीतच दाबलं जातं. उलट बाजूला उभं राहिलात तर सगळा भार कडीवर येतो, आणि कड्यांवर माझा विश्वास नाही. आधी जोरात दोन हिसके देऊन बघा. मग टोकं धरून मागे रेला, अंग ताठ ठेवा आणि कोपरं बरगड्यांना घासत छाती दाराकडे आणा. पाय दाराच्या जितके जवळ, तितकं अवघड.

चौथा सोपा: सॅक पोटाशी कवटाळून, पाठ सरळ ठेवून कंबरेत वाका आणि उठा. मांडीचा मागचा भाग ताणला गेला पाहिजे.

प्रत्येकी आठ ते बारा, असे चौघांचे तीन फेरे. दोन व्यायामांमध्ये एक मिनिट विश्रांती आणि ते मिनिट मोबाइलवर मेसेज वाचण्यात घालवू नका. ‘अजून दोनच निघतील’ असं वाटेल तिथे थांबा. पाच निघतील असं वाटत असेल, तर व्यायाम हलका होतोय. तिन्ही फेऱ्यांत बारा झाले की सॅकमध्ये पाण्याची एक लिटरची बाटली टाका, म्हणजे किलोभर वाढलं.

शेवटी चार मिनिटं ‘ताबाता’ जोडायची फॅशन आहे. वीस सेकंद काम, दहा सेकंद आराम, आठ वेळा. जपानच्या इझुमी ताबातांचा 1996 चा मूळ प्रयोग व्यायामाच्या सायकलवर होता आणि सात-आठ फेऱ्यांत माणूस पार थकेल इतकी ती जड ठेवलेली असे. चार मिनिटांनंतर तुम्हाला गप्पा मारता येत असतील, तर ते ताबाता नव्हे. मी सॅक घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर चढ-उतर करते आणि त्याला मोठं नाव देत नाही.

ब्लड प्रेशर किंवा हृदयाचा त्रास असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. छातीत दुखलं, गरगरलं तर तिथेच थांबून दवाखाना गाठा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं ठीक, पण सांध्यात कळ येणं ठीक नाही. तो व्यायाम तेवढा वगळा. आणि कुणाच्या पैजेवर पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारू नका. तालमीतली पोरं मारतात ती वर्षानुवर्षांच्या सवयीवर. सवय नसताना अति केलं तर स्नायू मोडून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जा.