बिनखिडकीच्या खोलीत टेबल मिळालंय? मी केलेल्या या चुका टाळा

मागच्या वर्षी मार्चमध्ये आमच्या लातूरच्या ऑफिसात बसायच्या जागा बदलल्या. लेखा विभागाच्या, म्हणजे माझ्या आणि एका मॅडमच्या वाट्याला जुनी स्टोअर रूम आली. दहा बाय बारा, एक दार, खिडकीच्या नावानं ठणठणाट. टेबल उचलून आणणारे शिपाई मामा दारातच थबकले. "सायेब, ही तर दौलताबादची अंधारी हाय की!" हसण्यावारी नेलं आणि पुढचे तीन महिने एकामागून एक चुका करत गेलो.

बंद खोलीत कूलर

ही सगळ्यात महागात पडली. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यात कूलर झकास चालतो. म्हणून घरचा जुना कूलर आणून कोपऱ्यात ठेवला. पहिला तास स्वर्ग. दुपारी तीनला शर्ट पाठीला चिकटलेला. आठ-दहा दिवसांत व्हाउचरच्या फायली फुगल्या, प्रिंटर दोन-दोन कागद एकदम ओढायला लागला, शिक्क्याची शाई फुटायला लागली आणि रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरली. मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुमचा कूलर आहे का पावसाळा?"

कारण साधं आहे. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, कूलरचा गारवा तो एवढाच. त्यासाठी बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून आत आली पाहिजे आणि आतल्या दमट हवेला बाहेर जायला वाट पाहिजे. बंद खोलीत कूलर तीच ती हवा फिरवत बसतो. हवेत ओल भरली की आणखी वाफ होत नाही. गारवा थांबतो, चिकचिक तेवढी राहते. म्हणून कूलर दारात ठेवा, त्याची पाठ बाहेरच्या मोकळ्या हवेकडे, आणि समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट फॅन. हे जमत नसेल तर साधा पंखा बरा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो.

पेंग येते म्हणून भाकरीला दोष

जेवणानंतर डोळे मिटायला लागले की मी डब्यातली एक भाकरी कमी करायचो. उपयोग शून्य. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतो; दार लावून दोघं-तिघं बसले की तो सहज हजाराच्या वर जातो, डोकं जड होतं. यावर एसी बसवला की झालं, असं आमच्या साहेबांना वाटत होतं. पण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, आतलीच गार करतो. दार उघडं ठेवणं हा फुकटचा इलाज. पॅसेजमधला गोंधळ सहन करावा लागतो, तो करा.

इन्व्हर्टरच्या शेजारी उदबत्ती

खिडकी नसलेली खोली दिसली की तिथंच इन्व्हर्टर ठेवायची ऑफिसांना भारी हौस. आमच्याही खोलीत होता. पाणी घालायच्या लेड ॲसिड बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तो पेट घेणारा वायू. आणि मी दर गुरुवारी त्याच बॅटरीला खेटून उदबत्ती लावत होतो! पाणी भरायला आलेल्या मेकॅनिकनं पाहिलं आणि माझ्या हातातली काडेपेटीच काढून घेतली. बॅटरी हवेशीर पॅसेजमध्ये हलवायला लावा. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर त्याच दिवशी दाखवा. डासांची कॉइलही अशा खोलीत नको. लाइट गेली की काळाकुट्ट अंधार होतो, त्यासाठी बॅटरीवाला एलईडी बल्ब एक तरी लावून ठेवा.

एकच झगझगीत ट्यूब

उजेड कमी म्हणून मी डोक्यामागं 6500 केल्विनची पांढरीफेक ट्यूब लावली. ती सगळी कॉम्प्युटरच्या काचेत दिसायची. 4000 केल्विनचे, म्हणजे जरा पिवळसर उजेडाचे दोन दिवे, एक छताला आणि एक टेबलाच्या बाजूला, हे जास्त सुखाचं. छताला पांढरा रंग मारून घ्या. कागदाच्या कामाला 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) लागतात. मोबाइलच्या ॲपवर अंदाज येतो.

आता झाडं. मनी प्लँट आणि स्नेक प्लँट कमी उजेडात तग धरतात, दिसायलाही छान. पण त्यांनी हवा शुद्ध होते हे विसरा. 1989 चा नासाचा प्रयोग सगळे सांगतात, तो बंद पेटीतला होता. खऱ्या खोलीत तेवढा परिणाम हवा असेल तर झाडंच बसतील, माणसं बाहेर. कुंडी शनिवारी-रविवारी बाहेर सावलीत ठेवा. धबधब्याचं पोस्टर मीही लावलं होतं. चौथ्या दिवसापासून ते दिसायचं बंद झालं.

डबाही आतच खाणं

गावाकडं आमचं माळवदाचं घर. माजघराला खिडकी नाही, वरच्या साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. कुणाची तक्रार नव्हती, कारण दिवस ओसरीत आणि रानात जायचा. मी मात्र सकाळी दहाला आत शिरून संध्याकाळी सहाला बाहेर पडत होतो. जूनमध्ये आण्णांचा फोन आला, "तिकडं पाऊस पडायलाय का रे?" मला सांगता येईना. बाहेर येऊन बघतो तर गाडीची सीट भिजलेली, रस्त्यावर पाणी, आणि पाऊस येऊन गेलेला.

त्या दिवसापासून डबा बाहेर. ऑफिसातला उजेड पाचशे लक्सचा, तर उघड्यावर सावलीतसुद्धा काही हजारांचा असतो. आपलं झोपेचं घड्याळ त्यावर चालतं. म्हणून सकाळी ऑफिसात शिरण्याआधी वीस मिनिटं पायी फिरा. मे महिन्यात भर दुपारी मर्दुमकी दाखवू नका, कडुलिंबाची सावली बघा. आणि खिडकीवाल्यांचा फार हेवा नको: काचेतून येणाऱ्या उन्हानं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यांनाही बाहेरच यावं लागतं.

तोंडी कुरकुर

"गुदमरतं हो साहेब" याला उत्तर मिळतं "बघू". अर्जात नेमकं लिहा: बारा इंची एक्झॉस्ट एक, दिवे दोन, बॅटरी हलवणे, आणि पोच घ्या. ठराविक संख्येपेक्षा जास्त कामगार असतील तर 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात उजेड आणि वायुवीजनाची जबाबदारी मालकावर आहे. कारखान्यांसाठी 2025 पर्यंत 1948 चा कारखाने अधिनियम होता. कायद्याचा उल्लेख मात्र दुसऱ्या अर्जात करा, पहिल्यात नको. साहेबही माणूसच.

माझा एक्झॉस्ट दुसऱ्या अर्जानंतर, ऑगस्टात बसला, मागच्या बोळाकडच्या भिंतीत. लाइट गेली की पाती थांबतात आणि साडेचारच्या सुमाराला त्यांच्या फटीतून ऊन थेट कॅशबुकवर पडतं. मॅडम तेवढ्यापुरती खुर्ची सरकवून घेतात.